आधी भरती-ओहोटी, मग तिकीट

महाराष्ट्रातून अंदमानला प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाची सहल बहुधा एका ठरलेल्या साच्यात बसवली जाते: पाच रात्री, सहा दिवस, तीन बेटे आणि रोज चार-पाच ‘पॉइंट’. रस्त्याने जोडलेल्या ठिकाणी हा साचा चालून जातो, कारण तेथे तासभर उशीर झाला तरी गाडी निघतेच; बेटांवर मात्र बोट सुटेल की नाही हे वारा ठरवतो, किनाऱ्यावर काय दिसेल हे भरती-ओहोटी ठरवते आणि दिवस किती वाजता संपेल हे सूर्य ठरवतो. म्हणून बेटावरच्या पहिल्या सहलीची आखणी स्थळांच्या यादीपासून न करता या तिघांपासून करणे शहाणपणाचे ठरते.

ऋतूचा प्रश्न मराठी घरांपुढे विशेष अवघड असतो, कारण शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या आणि अंदमानचे हवामान यांचा मेळ बसत नाही. दिवाळीची सुट्टी बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या हंगामात येते, तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतात. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात श्रीविजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) पाणी मोजून वापरावे लागते, कारण साठवणीची सोय अपुरी आहे. अशा गावात पाहुण्याने बादलीभर पाण्यात भागवणे हा साधा शिष्टाचार होय. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा. ज्यांना आहे त्यांनी मेचा पूर्वार्ध गाठावा.

घड्याळाचाही विचार येथे वेगळा करावा लागतो. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे, श्रीविजयपुरम सुमारे ९३ अंशांवर, आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागत असल्यामुळे दोन्ही ठिकाणच्या सूर्याच्या वेळेत जवळजवळ ऐंशी मिनिटांचे अंतर पडते, तरी दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळ एकच. डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी आरामात नाश्ता उरकून दहाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचा अर्धा दिवस त्यामुळे आधीच सरलेला असतो. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर असणे हीच तेथली खरी चैन आहे.

भरती-ओहोटीचे गणित कोकणी माणसाला नवे नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. तो कोकणच्या किनाऱ्यापुरता खरा असून अंदमानात वेळा वेगळ्या पडतात, त्यामुळे तेथील भरतीचे तक्ते स्वतंत्रपणे पाहावे लागतात. तत्त्व मात्र तेच राहते: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते व पाणी खूप चढते आणि खूप उतरते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते व हा फरक कमी होतो. शहीद द्वीपावरील (पूर्वीचे नील) प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान, जिला तेथे वसलेल्या बंगाली लोकांनी ‘हावडा ब्रिज’ असे नाव दिले, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ओहोटी हवी. पोहण्यासाठी पुरेसे पाणी हवे. या दोन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, आणि त्या बेटावर मुक्काम न करता धावती भेट देणाऱ्याला बहुधा एकीवर पाणी सोडावे लागते. ओहोटीच्या उथळ पाण्यात चालताना पायाखाली येतो तो दगड नसून प्रवाळ, म्हणजे सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीने पिढ्यान्‌पिढ्या रचलेला चुन्याचा सांगाडा, असू शकतो. २०१० मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने अंदमानातील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे त्यांच्या ऊतींत राहून त्यांना अन्न पुरवणारी शैवाले निघून गेल्याने ते पांढरे पडले. आधीच असा आघात सोसलेल्या या जिवांवर पाय देऊ नये आणि त्यांचा मेलेला तुकडाही घरी आणू नये. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

स्वराज द्वीपाहून (पूर्वीचे हॅवलॉक) परतताना शेवटची रात्र श्रीविजयपुरमलाच काढावी, कारण वाऱ्याने बोट रद्द झाल्यास विमान थांबत नाही. स्कुबा, म्हणजे पाठीवरील नळकांड्यातील हवेवर पाण्याखाली राहणे, हाही कार्यक्रम आरंभीच उरकावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि तो पडण्याआधी विमानाच्या विरळ हवेत गेल्यास त्याचे बुडबुडे होतात, म्हणून मध्ये किमान अठरा तास, शक्य तर पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या आणि मूळच्या सात शाखांपैकी आता तीनच उरलेल्या सेल्युलर जेलला, जेथे सावरकर बंधू कैदेत होते, मराठी माणूस जातोच. त्याने तेथे तासाभरात न आटोपता अर्धा दिवस द्यावा.

साच्यातील एक दिवस मात्र वगळलाच पाहिजे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. काही शे लोकांचा हा समाज बाहेरच्या जगापासून दीर्घकाळ दूर राहिला आणि संपर्क वाढताच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातील हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरीही गाड्यांचे ताफे त्यावरून जात राहिले. छायाचित्रे न काढण्याचा नियम पाळूनही काचेआडून माणसे न्याहाळण्याची हाव उरतेच, आणि ती कोणत्याही गुहेने समर्थनीय ठरत नाही. सहल नोंदवतानाच बाराटांगचा दिवस काढून टाकण्यास सांगावे आणि तो शहीद द्वीपावरील मुक्कामाला द्यावा.