आगीचं कारण इतक्या लवकर कळतं कसं?

जुन्या नाशकात एखाद्या वाड्याला आग लागली की बंब अजून गल्लीतच असतात आणि कारण मात्र ठरून गेलेलं असतं: शॉर्टसर्किट. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याला ‘प्राथमिक अंदाज’ म्हणतात. तो अंदाज पुढे खरा ठरला की खोटा, हे विचारायला सहसा कुणी जात नाही.

शॉर्टसर्किटने आगी लागत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. जुनाट वायरिंग आणि एकाच बोर्डावर लोंबकळणारी चार उपकरणं वाड्यावाड्यांत आहेतच. आक्षेप वेगळा आहे. आग कशानेही लागलेली असो, वीज चालू असलेल्या घरात शॉर्टसर्किटची खूण मागे राहण्याची शक्यता भरपूर असते. ज्वाळा वायरवरचं आवरण जाळतात, उघड्या तारा एकमेकींना भिडतात, ठिणगी उडते आणि तांब्याचा छोटा गोल मणी तयार होतो. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे तो मणी पाहून माणसं चटकन निष्कर्ष काढतात, की आग विजेनेच लागली. पण नुसत्या मण्यावरून एवढंच कळतं की आग तिथे होती तेव्हा त्या तारेत वीज होती. आगीचा परिणामच कारण म्हणून पंचनाम्यात जातो तो असा.

मग पुरावा शोधायचा कुठे? वाड्यात तो बराचसा लाकडात असतो. खरं तर लाकूड पेटत नाही, त्यातून निघणारा वायू पेटतो. शंभर अंशांपर्यंत ओल उडून जाते, दोनशेच्या पुढे रंग काळवंडू लागतो आणि अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान लाकडाचे घटक तुटून ज्वलनशील वायू भराभर बाहेर पडतात. जवळ ज्योत किंवा ठिणगी असेल, तर पृष्ठभाग साधारण साडेतीनशे अंशांवर पोचला की पेट घेतो. ठिणगी नसेल, तर तापमान बरंच जास्त लागतं. तुळईला टेकलेलं धुराडं वर्षानुवर्षं तापत राहिलं, तर याहून कितीतरी कमी तापमानाला लाकूड धुमसू शकतं का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. म्हणजे देव्हाऱ्यातली समई, विझली असं समजून टाकलेली विडी आणि चुलीचं धुराडं हे सगळेच संशयित. त्यांना तपासून वगळल्याशिवाय एकट्या वायरीवर आरोप ठेवता येत नाही.

जळणारं लाकूड स्वतःचं थोडं रक्षणही करतं. वरचा कोळसा आतल्या गाभ्याला उष्णतेपासून वाचवतो, म्हणून जाड तुळई मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढ्याच वेगाने आत जळत जाते. लोखंडी गर्डर मात्र साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतो. कोळशाच्या या वेगामुळेच तपासनिसांना मोह झाला: कोळसा जिथे सर्वांत खोल, तिथे आग सुरू झाली, असं मानायचा. मगरीच्या पाठीसारखे मोठे चकाकते फोड दिसले की पेट्रोल ओतलं होतं, असंही धरलं जाई. दोन्ही समजुती प्रयोगांत टिकल्या नाहीत. छताखाली साचलेला धूर पाचशे-सहाशे अंशांवर गेला की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेटतात. त्यानंतर लाकूड सर्वांत जास्त जळतं ते हवा मिळते तिथे, दारा-खिडकीपाशी. २००५ साली लास व्हेगासमध्ये अशाच जाळलेल्या खोलीत ५३ तपासनिसांना विचारलं, की आग कोणत्या चतुर्थांशात लागली? बरोबर उत्तर तिघांनीच दिलं.

अशा समजुतींची किंमत माणसं मोजतात. टेक्ससमध्ये १९९१ साली घराला लागलेल्या आगीत कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या तीन मुली गेल्या. जमिनीवरचे डाग आणि तडकलेल्या काचा पाहून तपासनिसांनी आग मुद्दाम लावल्याचं सांगितलं आणि २००४ साली त्याला मृत्युदंड दिला गेला. त्या खुणांना शास्त्रीय आधार नव्हता, असं पुढे आगीच्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं. तापलेली काच बंबाच्या पाण्यानेही तशीच तडकते.

नीट तपास आपल्याकडे होतच नाही, असंही नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. मुंबई अग्निशमन दलाने आगीचा माग तिथल्या एका पबपर्यंत काढला आणि हुक्क्याच्या निखाऱ्यांची शक्यता अहवालात मांडली. नाशकात तर प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, महाराष्ट्र पोलीस अकादमीही इथेच आहे. पण प्रयोगशाळा तपासणार काय? जळकं लाकूड साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, तर पेट्रोलचा अंश वाटेतच उडून जातो. त्याला हवाबंद डबा लागतो. सोबत त्याच लाकडाचा न जळालेला तुकडाही लागतो, कारण काही लाकडांतली राळ तपासणीत इंधन असल्याचा भास निर्माण करू शकते. आणि जेसीबीने ढिगारा उपसून टाकल्यावर तर विचारायलाच काही उरत नाही.

इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला जिंदालच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी भीषण आग लागली, मे २०२५ मध्ये पुन्हा. दुसऱ्या आगीनंतर सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न हाच, की पहिलीतून काय शिकलो? आता २०२७ चा सिंहस्थ येतो आहे. बांबू, कापड, प्लायवूड, चुली आणि तात्पुरती वायरिंग, सगळं एकाच साधुग्रामात. महापालिकेने त्याआधी तीन सवयी लावून घ्याव्यात. तपास संपेपर्यंत कारण ‘अनिश्चित’ म्हणावं. जागेची पाहणी होईपर्यंत राडारोडा हलवू नये. आणि प्रत्येक मोठ्या आगीचा अहवाल लोकांसमोर ठेवावा. शॉर्टसर्किट म्हटलं की दोष विजेचा होतो आणि माणसं सुटतात. खरं कारण सापडलं, तर कुणाला तरी परवाना, वायर किंवा चूल बदलावी लागते. पुढची आग टळते ती या बदलाने.