दूषित जमीन: झाडे मदत करतील, पण खर्च कोणाचा?

कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात आणि ओढ्याचे पाणी तुमच्या शेतात येत असेल, तर केंद्र सरकारचे जुलै २०२५ मधील दूषित स्थळ व्यवस्थापनाचे नियम तुमच्या कामाचे आहेत. संशयित जागांची नोंद स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनाने करायची, त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आणि सुधारणेचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा, अशी त्यांत तरतूद आहे. खाणकाम आणि कचरा डेपो मात्र त्यांतून वगळले आहेत.

‘मोहरी पेरा, जमीन शुद्ध होईल’ असेही तुम्ही ऐकले असेल. हे अर्धेच खरे आहे. मोहरी कॅडमियम शोषून पाला-खोडात साठवते. पण हिशेब करून पाहा. एकरातील वरच्या २० सेंमी थराचे वजन सुमारे ९ लाख किलो. त्यातील कॅडमियम किलोमागे फक्त १ मिलिग्रॅमने कमी करायचे, तरी ९०० ग्रॅम बाहेर काढावे लागेल. एकरी २ टन वाळलेला पाला आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम धरले, तर एका पिकातून निघते ४० ग्रॅम. म्हणजे बावीस-तेवीस हंगाम! वाळा तर बहुतेक धातू मुळांतच धरून ठेवतो. तो प्रदूषण पसरू देत नाही, पण संपवतही नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधी दूषित पाणी शेतात येणे थांबवा.
२. मातीची जड धातूंसाठी वेगळी तपासणी करून घ्या. मृद आरोग्य पत्रिकेत शिसे, कॅडमियम, क्रोमियम दिसत नाहीत.
३. अहवाल जोडून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कृषी सहायकांनी नमुना आणि अर्ज दोन्हींत मदत करावी.
४. तोवर पालक, मेथी टाळा. कापूस, फुलपिके किंवा बांबू घ्या.
५. सफाईसाठी घेतलेले पीक खाऊ नका, जनावरांना घालू नका, जाळू नका, कंपोस्टमध्येही टाकू नका. त्याची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारूनच लावा.

नोंद झाली तर मालाला भाव मिळणार नाही, ही भीती रास्त आहे. पण नोंदच नसेल, तर ते बावीस हंगाम तुम्हाला स्वतःच्या खिशातून काढावे लागतील.