पांढऱ्या पुठ्ठ्याचा धडा

परवां रात्रीं पंगत उठल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, दोघांनींहि नेम साधला, तर पहिला क्रमांक कोणाचा?" पिस्तुलाच्या चपळ नेमबाजीचे नियम तो वाचीत होता. आम्हींहि चष्मा लावून ते पाहिले. आणि जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या आमच्या मनास ते मोठे बोधप्रद वाटले.

अमेरिकेंतील कोलंबिया गांवीं इ. स. १९७६ मध्यें या क्रीडेची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, बल आणि वेग ही तिची त्रिसूत्री. लक्ष्य म्हणजे तपकिरी पुठ्ठा. त्याचे 'ए', 'सी' व 'डी' असे तीन विभाग. मधल्या 'ए'स नेहमीं ५ गुण. सौम्य काडतूस असेल तर 'सी'स ३ व 'डी'स १. जोरदार असेल तर ४ व २, कारण त्याचा धक्का सांभाळणें कठीण. विभागांच्या रेषा मात्र इतक्या पुसट कीं, १० मीटरांपलीकडून त्या दिसूं नयेत. मध्य कोठें, हें डोळ्यांनीं नव्हे, अभ्यासानें जाणावयाचें!

मग मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनीं भागावयाचें. एकानें १२ सेकंदांत ६० गुण मिळविले, तर भागाकार ५. दुसऱ्यानें ९ सेकंदांत ५४ मिळविले, तर ६. म्हणजे थोडा चुकलेला, परंतु चपळ असा दुसराच पुढें.

पण येथेंच खरी मेख आहे. तपकिरी पुठ्ठ्यांच्या आजूबाजूस कांहीं पांढरे पुठ्ठे उभे असतात. ते मारावयाचे नसतात. त्यांस गोळी लागली कीं १० गुण वजा. त्या चपळ गड्याची एकच जादा गोळी पांढऱ्यास लागली, तर ५४ चे ४४ होतात, भागाकार पांचाच्या खालीं येतो आणि सावकाश नेमबाज जिंकतो.

शरयूतीरीं दशरथाचा बाण चुकला नव्हता. शब्दाचा वेध त्यानें अचूक घेतला. चुकला तो विवेक. अंधारांत त्यास पांढरा पुठ्ठा दिसला नाहीं.

वाचकहो, आम्हींहि वर्गांत आधीं हात वर करणाऱ्यासच शाबासकी देत आलों. त्या घाईंत मागच्या बांकावरील किती सावकाश मुलांच्या तोंडचें उत्तर तोंडांतच राहिलें, तें कधीं मोजलें नाहीं. ते दहा दहा गुण आमच्याच खात्यांतून वजा व्हावयास हवे होते.