संगणक पदवीधरांची एक वाट शेताकडेही जावी

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांच्या मुक्तांबाळ छत्रामुळे ओरत्तनाडु हे गाव मराठी इतिहासाला परिचित आहे. आज तेथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि भोवती कल्लणै कालव्यावर पिकणारी भातशेती. तरीही तेथील संगणकशास्त्राच्या पदवीधराला चेन्नई वा बंगळुरूचीच वाट दिसते, जशी आपल्या लातूर-यवतमाळच्या मुलांना पुण्याची. ही वाट चुकीची नव्हे. मात्र ती एकमेव मानली जाते, हे शेतीच्या हिताचे नाही.

भातावरील तपकिरी तुडतुड्यांचे उदाहरण घेऊ. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार प्रत्येक फुटव्यावर एक तुडतुडा आढळल्यास ती आर्थिक नुकसानीची पातळी समजावी. परंतु चुडात एक भक्षक कोळी असेल, तर हीच मर्यादा दोन तुडतुड्यांवर जाते. आता सर्वेक्षणाच्या तक्त्यात कोळ्यांचा रकानाच नसेल, तर संगणक विनाकारण फवारणीचा सल्ला देईल. त्या फवारणीत कोळी मरतील. कृत्रिम पायरेथ्रॉइड वापरल्यास तुडतुड्यांचा पुनरुद्रेकही संभवतो. आज्ञावलीतील एका रकान्याची किंमत अशी शेतकऱ्याला मोजावी लागते.

महाराष्ट्राला या कामाचा अनुभव आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. सर्वेक्षकांच्या नोंदी संगणकावर येऊन त्यावरून सल्ला देण्याची पद्धत रुजली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तीत छायाचित्रावरून कीड ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होतो. या प्रणाली उभारणारे, तपासणारे व सुधारणारे हात कोठून येणार?

इच्छुकांसाठी मार्ग आहेत. नवी दिल्लीतील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत संगणक अनुप्रयोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कृषी संशोधन सेवेतही संगणक अनुप्रयोग व माहिती तंत्रज्ञान ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. परंतु या वाटा दिल्लीपाशी थांबू नयेत. माझ्या मते प्रत्येक विभागीय संशोधन केंद्रावर संगणक पदवीधराचे नियमित पद असावे. कंत्राटी माणूस ॲप तयार करून निघून जातो. कीड मात्र दर हंगामात वागणूक बदलते. रुजू झालेल्या पदवीधराने पहिला खरीप कीटकशास्त्रज्ञाबरोबर बांधावर काढावा, ही अटही असावी. कोळी आणि तुडतुडा यांतील फरक डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो संगणकाला शिकवता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रगतिशील शेतकऱ्यांनीही यात वाटा उचलावा. आपल्या गावातील संगणक पदवीधराला एकदा शेतात न्यावे. कामगंध सापळ्यांतील पतंगांच्या नोंदवह्या, प्रकाश सापळ्यांची आकडेवारी आणि पावसाचे टिपण त्याच्यापुढे ठेवावे. नोकरीची हमी आपण देऊ शकणार नाही. पण त्याच्या विद्येची येथे गरज आहे, हे तरी त्याला कळेल. आजवर हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.