आटे जुळले म्हणून…

मागच्या रविवारी आमच्याकडे जेवायला आलेल्या दोघा मित्रांत मासळीच्या ताटावरच जुंपली. विषय होता आमच्या घरातली जुनी मर्सिडीज. एकाचे म्हणणे, अशा गाडीला इंजेक्टर घालायचे तर जर्मनीहून मागवलेलेच. दुसरे काही घालणे म्हणजे देवळातली पाषाणमूर्ती काढून तिथे प्लास्टरची बसवणे. दुसऱ्याचे म्हणणे, कशाला एवढे चोचले? टेम्पो ट्रॅक्सचे बसतात, बसवून टाक. मला दोघांचेही पटले नाही. का पटले नाही हे सांगायला मला निपाणीपर्यंत जावे लागेल. म्हणून तेव्हा गप्प बसलो आणि सोलकढी वाढून घेतली. आता लिहितो.

गाडी २४०डी, १९७८ सालची. काकांनी ती एका वकिलातीच्या लिलावातून दुसऱ्या हातची घेतली होती. काका गेले, गाडी राहिली. चालते म्हणजे अशी चालते की सकाळी सुरू केली की शेजारच्या घरातला कुत्रा उठतो. काही महिन्यांपूर्वी मात्र ती धूर ओकू लागली. इथल्याच एका गॅरेजात दाखवली. "नोझल गेलीत" असे निदान झाले, चार नवी नोझले आली, पाकिटातून काढून बसवलीही गेली. गाडी घरी आली ती पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा आवाज करीत. मेकॅनिक म्हणाला, नवी आहेत, बसतील हळूहळू. मीही मान डोलावली. आम्ही लोक डॉक्टरला चार प्रश्न विचारतो, मेकॅनिकला एकही विचारीत नाही.

त्याच गाडीने निपाणीला एका लग्नाला निघालो. चोर्ला चढताना ती कुरकुरली, बेळगावपुढे वंटमुरीच्या घाटात मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून पुढे गेला (ट्रकवाल्याने धुराला कंटाळून ओव्हरटेक करावा, याहून मोठा अपमान तो कोणता!) आणि तवंदी घाट उतरून निपाणीत पोचलो तेव्हा इंजिन नुसत्या आयडलवर सगळी गाडी हलवीत होते. लग्नघरच्या पाहुण्यांनी गावातल्या एका वयस्क मेकॅनिककडे नेले. त्याने बॉनेट उघडले, एकेका इंजेक्टरवरच्या नळीचा नट पान्याने सैल केला आणि नुसता कान दिला. एक नट सैल करताच खडखड एकदम थांबली.

"सायेब, आटं बसलं म्हणून सोयरीक हुतीय व्हय?" तो म्हणाला. "ही चार भावंडं हाईत. एकजण आडदांड निघाला की सगळं घर हलतंय."

मग त्याने विचारले ते मला आजवर कुणी विचारले नव्हते. "नोझल बदललं, की दाब बी लावून घेतला?"

इथे जरा यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. ज्यांना कंटाळा येत असेल त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी, रागावणार नाही.

बोलताना आपण ज्याला नोझल म्हणतो ते दोन वस्तूंचे जोडकाम असते. वरची जाडजूड बॉडी, तिच्यात स्प्रिंग. आणि खाली टोकाला बोटाच्या पेराएवढे खरे नोझल, त्यात सुई. पंपाकडून डिझेल दाबाने येते, स्प्रिंगचा जोर ओलांडला की सुई उचलली जाते आणि फवारा सुटतो. किती दाबाला सुटावा हे ठरवते ती स्प्रिंग आणि तिच्या पाठीशी घातलेली पातळ चकती, शिम. शिम केसभर जाड घातली की दाब चढतो. म्हणजे दुकानातून नवे टोक आणले आणि चाळीस वर्षे दबलेल्या जुन्या स्प्रिंगवर तसेच चढवले, तर तो इंजेक्टर नवा होत नाही. आमच्या २४०डीच्या इंजिनाला, म्हणजे ओएम ६१६ ला, नव्या नोझलांवर साधारण ११५ ते १२५ बार दाब लागतो, आणि चारही इंजेक्टरांत फरक पाच बारच्या आत हवा. दाब कमी असला की डिझेल वेळेआधी सुटते, थेंब जाड पडतात, इंजिन ठोकते आणि धूर येतो. तसेच दिवस काढले तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

दुसरी गोष्ट फवाऱ्याच्या जातीची. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरात पडत नाही. डोक्यात एक छोटी कोठडी असते, प्रीचेंबर. १९०९ साली प्रॉस्पर लोरांज या बेंझच्या अभियंत्याने तिचे पेटंट घेतले. पहिली पेट त्या कोठडीत घेते आणि ज्वाळा बाहेर पडते. तिथे हवे एकच भोक आणि त्यातून डोकावणारी बारीक दांडी असलेले नोझल, ज्याचा फवारा अरुंद असतो. त्याच्या अंगावरचा क्रमांक डीएन अक्षरांनी सुरू होतो. थेट सिलिंडरात फवारणाऱ्या ट्रकच्या इंजिनांना अनेक बारीक भोकांचे नोझल लागते, त्यावर डीएलएलए असे काहीसे लिहिलेले, आणि त्याचा दाब दोनशे बारच्या घरात किंवा त्याहून वर. दोन्ही डिझेलचीच, दोन्ही बॉशच्याच घराण्यातली असू शकतात. पण एकाचे दुसऱ्याला चालत नाही.

मग ट्रॅक्सचे कसे चालते? इथे माझ्या जर्मनभक्त मित्राने कान टवकारावेत. नवलमल फिरोदियांची बजाज टेम्पो आम्हां गोंयकारांना ठाऊक आहे ती मॅटाडोरमुळे. १९८० च्या दशकात या कंपनीने डेमलर-बेंझशी करार करून हेच ओएम ६१६ इंजिन भारतात बनवायला घेतले. ते ट्रॅव्हलरमध्ये बसले, ट्रॅक्समध्ये बसले. (२००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले.) म्हणजे काकांच्या मर्सिडीजच्या पोटात जे इंजिन आहे, त्याचाच भाऊ कोल्हापूर-निपाणीकडे वर्षानुवर्षे वडाप ओढत होता, आत चौदा माणसे, टपावर गवताचे भारे आणि मागे लटकलेली तीन पोरे. नोझले मायकोची. मायको म्हणजे १९५१ साली बंगळुरात निघालेली बॉशची भारतीय कंपनी, २००८ पासून नावानेही बॉश. तिचा नोझल-इंजेक्टरांचा कारखाना आहे आपल्या नाशकात. तेव्हा जर्मन पाकीट आणि नाशिकचे पाकीट यांत ज्यांना सोवळे-ओवळे दिसते, त्यांनी एकदा दोन्हीवरचा क्रमांक ताडून पाहावा.

पण माझा दुसरा मित्रही सुटत नाही. "ट्रॅक्सचे" हा शब्द पुरेसा नाही. ट्रॅक्स हे नाव तेच राहिले, इंजिने बदलत गेली. पुढे थेट फवारणीची आली, नंतर कॉमन रेल आली. त्यांच्या इंजेक्टरांचा आपल्या गाडीशी काडीचा संबंध नाही. दुकानात जाऊन "ट्रॅक्सचे द्या" म्हणणे म्हणजे "देसायांच्या मुलीचे स्थळ आहे" एवढ्यावर लग्न ठरवणे. देसाई कोण, कुठले, मुलगी कितवी? विचारायचे ते इंजिनाचे नाव, आणि जुळवायचा तो नोझलवर कोरलेला पूर्ण क्रमांक, शेवटच्या आकड्यापर्यंत.

निपाणीच्या मेकॅनिककडे दाब तपासायचे यंत्र नव्हते. त्याने ते तसे सांगितले आणि बेळगावात पी. बी. रोडला जाऊन लावून घ्या म्हणाला. पैसे घ्यायलाही तयार नव्हता. आपल्याला काय येत नाही हे गिऱ्हाईकाला सांगणारा कारागीर भेटला की मला देवळात गेल्यासारखे वाटते.

लग्न आटोपून परतताना बेळगावात थांबलो. (२०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी. आमच्या तोंडात बेळगावच बसले आहे, त्याला इलाज नाही.) दुकानावर पाटी कानडी, आत गप्पा मराठीत, हिशोब कानडीत आणि कॅलेंडर कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे. टेबलावर हाताने दाबायचा पंप, त्यावर घड्याळासारखा मीटर. कारागिराने सत्तावीसच्या खोल पान्याने चारी इंजेक्टर काढले आणि एकेक लावला. पहिला ११२ ला सुटला. दुसरा १२१. तिसरा ९८ लाच, आणि सुटल्यावरही टोकाला थेंब लोंबकळत राहिला. चौथा १३८. नवी कोरी नोझले! भावंडे कसली, एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊबंद होते ते.

तिसऱ्याने ठेवलेल्या थेंबाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ह्यो थेंब पिस्टन खातोय." मी जवळ वाकलो तसा हात धरून मागे ओढले. त्या फवाऱ्यासमोर बोट नेले तर डिझेल कातडीतून आत शिरते. रक्त निघत नाही आणि बोट मात्र जाते. हे तरुण पोरांना सांगायला हवे.

तिसऱ्याचे टोक बदलले, शिमा अदलाबदल करीत चारी १२० च्या आसपास आणले. दीड तास लागला. चांगले नोझल पंप हळू दाबताना कुर्र कुर्र असे बोलते, हे मी प्रथमच ऐकले. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. इंजेक्टरखाली एक पातळ पत्र्याची वाटीसारखी चकती असते, ती नोझलच्या टोकाला आगीपासून वाचवते. दर वेळी इंजेक्टर काढला की ती नवी घालायची, कारण ती एकदाच दबते. आमच्या गाडीत आधीच्या गॅरेजने जुन्याच परत ठेवल्या होत्या. चहाच्या किमतीची वस्तू! वरच्या बारीक कापडी नळ्याही त्याने बदलल्या आणि इंजेक्टर टॉर्क पान्याने ७० ते ८० न्यूटन मीटरच्या मापात कसले. "हातानं अंदाज येतोय की," मी उगाच म्हटले. "अंदाज माझा, इंजिन तुमचं," तो म्हणाला.

सीमाभागात एक शब्द फार चालतो: "चालतंय." तो मला आवडतोही. त्याच शब्दावर ह्या भागातली माणसे तीन भाषा, दोन राज्ये आणि न संपणारा एक खटला सांभाळून एकमेकांच्या लग्नांना जातात. आमच्या गोव्यात १९८० च्या दशकात भाषेवरून सख्खे शेजारी बोलेनासे झाले होते, तेव्हा हे कौतुक मला जास्तच. पण इंजेक्टरच्या बाबतीत "चालतंय" म्हणणारा आणि "जर्मनच हवे" म्हणणारा, दोघेही एकच चूक करतात. दोघेही मीटरकडे बघत नाहीत. जर्मन पाकिटातले नोझलसुद्धा माझ्या त्या दबलेल्या स्प्रिंगवर ९८ लाच सुटले असते.

अस्सलपणाचा मुद्दा उरतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आमची २०२८ साली पन्नाशी गाठेल. मित्र म्हणाला, नाशिकचे नोझल म्हणजे फेरफार. मला नाही पटत. नोझल हा झिजायचाच भाग, टायरसारखा. १९७८ चे टायर घालून कोणी चोर्ला घाट उतरेल का? मी तर म्हणेन, इंजिन उपटून त्यात दुसरे बसवणे हा फेरफार. मूळ इंजिनाला त्याच्या मापाचा दाब परत देणे ही त्याची सेवा. काकांना गाडी झाकून ठेवलेली आवडली नसती. ते तिच्यातून नारळ आणायचे.

बेळगावच्या कारागिराकडून मी एक चिठ्ठी लिहून घेतली: नोझलचा क्रमांक, चारी दाब, तारीख. आधी तो हसला, मग बिलाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिली, आकडे मराठीत, सही कानडीत. ती गाडीच्या कागदांत पीयूसीच्या मागे ठेवली आहे. शेजारचा कुत्रा अजूनही उठतो, पण आता भुंकत नाही.