नवी कलमं लावण्याआधी जुन्या झाडांकडे बघा

वारसाहक्काने आलेल्या बागेचा मालक बदलतो, त्या वर्षी तिला सगळ्यात जास्त धोका असतो. कोकणात हे गावोगावी दिसतं. म्हातारं माणूस जातं, सातबाऱ्यावर मुलांची नावं लागतात आणि ती मुलं मुंबई-पुण्याला असतात. मग दारात दोन माणसं येतात. एक लाकडाचा व्यापारी. दुसरा सल्ला देणारा: हा जुना पसारा काढून टाका, सगळीकडे हापूस लावा. माझी कळकळीची विनंती आहे, पहिलं वर्षभर दोघांनाही थांबवा.

वर्षभर यासाठी की झाड बारा महिने बघितल्याशिवाय कळत नाही. आंब्याने यंदा काहीच धरलं नाही म्हणून तो वांझ ठरत नाही. एक वर्ष भरभरून येऊन दुसऱ्या वर्षी विसावा घेणं हा कितीतरी आंब्यांचा स्वभाव आहे. रातांब्याला फळ नाही म्हणून कुऱ्हाड लावाल, तर आधी लक्षात घ्या की रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. परड्यातला तो ‘बिनकामाचा’ रातांबा शेजारच्या झाडांना परागकण पुरवत असेल. फणस कापा की बरका, हेही पिकल्यावरच कळणार. गावात जो कुणी वर्षानुवर्षं तुमच्या झाडांवर चढला असेल, त्याला बरोबर घेऊन बागेतून फिरा. कुठला आंबा लोणच्याचा, कुठला साठांचा, कुठला सासवाला, कुठला आधी पिकतो, हे सगळं त्याच्या तोंडून वहीत उतरवून घ्या. ही माहिती कुठल्याही दप्तरात नाही.

मग झाडाची तब्येत बघा. आंब्याच्या बुंध्याशी खाली वाकून बघा. लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसला, तर आत भिरूड आहे. तिची अळी खोड आतून पोखरते आणि फांदी वाळेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. भोक मोकळं करून तारेच्या आकड्याने अळी बाहेर ओढावी, कृषी सहायकाला विचारून कीटकनाशकात भिजवलेला बोळा आत घालावा आणि भोक चिखलाने लिंपावं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघावं. नवा भुसा पडला असेल, तर आत आणखी कुणी आहे.

वर नजर टाकलीत तर बांडगूळ दिसेल. त्याची पानं आंब्यापेक्षा जाड आणि वेगळ्या हिरव्या रंगाची असतात. लहानसा फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथेच ते रुजतं. नुसतं ओरबाडून काढलं तर पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलं आहे त्याच्या फूटभर खाली फांदीच छाटावी, तीही त्याला फळं धरण्याआधी. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

उंच वाढून आतून काळोख झालेलं कलम तोडून टाकायचं नसतं. पाऊस सरल्यावर जाणत्या माणसाकडून त्याची छाटणी करून घ्या, नवी फूट विरळ करा, दोन-तीन वर्षं धीर धरा. मात्र अशा छाटलेल्या झाडावर भिरूड हमखास येते, तेव्हा पाठ फिरवू नका. खत बुंध्याशी टाकू नका, तिथे ते खाणारी मुळं नसतात. फांद्यांच्या घेराच्या दीड फूट आत गोल चर काढून, पाऊस लागला की तिथे द्या. आणि तोडायचंच ठरलं तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, व्यापारी काहीही सांगो.

आता बाग वाढवण्याचं. माझ्या मते पहिलं नवं कलम तुमच्याच रायवळ आंब्याचं असावं. रायवळाची कोय पेरली तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही, बहुतेकदा निघत नाहीच. म्हणजे परड्यातला तो शेपू किंवा खोबऱ्या आंबा जगात एकच आहे. वादळात पडला की ती चव संपली. कोय कलमाने मात्र तो जसाच्या तसा पुढे नेता येतो. मेअखेर कोणत्याही रायवळाच्या ताज्या कोयी पेरा. रोप उगवून दहा-पंधरा दिवसांचं, कोवळ्या तांबूस पानांचं असतानाच कलम बांधायचं असतं. त्याआधी आठवडाभर जुन्या झाडावरच्या पक्व काडीची पानं देठ ठेवून कापून टाकायची, म्हणजे टोकाचा डोळा फुगतो. रोपाच्याच जाडीची काडी घेऊन तिला पाचर करायची, रोपाच्या खोडाला मधोमध चीर द्यायची, पाचर नीट बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची.

बाकीच्या जागेत सगळा हापूसच भरू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 साली दिलेला रत्ना, नंतरचा पातळ कोयीचा सिंधू, या दोघांतही साका, म्हणजे गर आतून पांढरट-स्पंजासारखा होण्याचा हापूसचा दोष, होत नाही. घरच्या खाण्याला ते उत्तम. रातांबा घ्यायचा तर मादी झाडाचं कलमच घ्या, कारण बियांच्या रोपांत नर निघण्याची शक्यता मोठी. आंब्याच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर सोडा. आज ती जागा रिकामी वाटेल, तिथे काही वर्षं भाजी घ्या. कलमाचा जोड मातीत गाडू नका, जोडाखालून फुटणारी फूट काढत राहा, पहिली तीन-चार वर्षं मोहोर खुडा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस नसेल, तर पन्नासऐवजी पाचच लावा. दहा गुंठ्यांपासून पुढे लावणार असाल, तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

राहिला भाऊबंदांचा प्रश्न. सामाईक झाडावरून कितीतरी घरांत बोलणं बंद आहे, आणि दोघांच्या भांडणात झाडाकडे कुणीच बघत नाही. झाडाची वाटणी होत नाही, पण त्याच्या काड्यांची होते. प्रत्येक हिस्सेदाराला त्याच आंब्याचं एकेक कलम बांधून द्या. येत्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी फेकू नका, धुऊन सावलीत पेरा, आणि परतण्यापूर्वी गावातल्या कलम बांधणाऱ्याला जूनची तारीख सांगून या.