पृथ्वीचा इतिहास माणसाला निर्दोष ठरवत नाही

"हवामान काय आजच बदलते आहे का? हिमयुगे आली आणि गेली. तेव्हा कुठे होते कारखाने आणि मोटारी? मग आताच्या तापमानवाढीचे खापर माणसाच्या माथी का?" हा युक्तिवाद चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडीही ऐकू येतो. हवामान पूर्वी बदलले होते, हे त्यातले विधान पूर्ण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. आणि तो का टिकत नाही, हे पृथ्वीचा तोच इतिहास सांगतो.

पूर्वपक्षाचा मोठा आधार म्हणजे हिमयुगे. पृथ्वीच्या कक्षेचा आकार सुमारे १ लाख वर्षांच्या आणि अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्रात बदलतो. या बदलांचे आणि हिमयुगांचे नाते सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांनी गणिताने मांडले. ते मान्यच आहे. पण त्या चक्रांची चाल पाहा. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी ढोबळमानाने ५ अंशांनी तापली आणि त्याला हजारो वर्षे लागली. आज दीडशे वर्षांतच वाढ १ अंशापलीकडे गेली आहे. शिवाय गेली काही हजार वर्षे कक्षेतल्या बदलांचा कल पृथ्वीला हळूहळू थंड करण्याकडे आहे. तापमान वाढायला हे कारण कसे चालेल?

दुसरा आधार सूर्याचा. सूर्याकडून येणारी ऊर्जा १९७८ पासून उपग्रहांनी सातत्याने मोजली जाते. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ती सुमारे ०.१ टक्का वरखाली होते. १९८० नंतर तिच्यात वाढीचा कल नाही, आणि नेमक्या याच काळात पृथ्वी झपाट्याने तापली. याहून पक्का पुरावा वातावरणाच्या वरच्या थरात आहे. सूर्य जास्त तळपत असता तर खालचा थर आणि वरचे स्थितांबर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि स्थितांबर थंड होते आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की असेच घडेल, हे स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते. मानाबे यांना २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

तिसरा आधार ज्वालामुखींचा. फिलिपाइन्समधला पिनातुबो १९९१ मध्ये फुटला, तेव्हा त्याने उंच उधळलेल्या गंधकयुक्त कणांनी ऊन अडवले आणि पृथ्वी वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही.

ज्वालामुखींनी हवामान खरोखर पालटले त्याची साक्ष आपल्या दाराशीच आहे. माळशेज घाटात कातळाचे एकावर एक आडवे थर दिसतात, ते लाव्हाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाखो वर्षे हे उद्रेक चालले होते. त्या काळात पृथ्वी काही अंशांनी तापल्याच्या खुणा सापडतात, आणि त्या उष्म्याचे कारण म्हणून शास्त्रज्ञ याच उद्रेकांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवतात. म्हणजे निसर्गाने पृथ्वी तापवली तीही याच वायूने. हिमयुगे संपतानाही सुरुवात कक्षेने केली, पण समुद्रातून बाहेर पडलेल्या याच वायूने ती ऊब वाढवत नेली. "पूर्वीही बदलले होते" या वाक्यातून निघणारा खरा धडा हा आहे: हवेतला कार्बन वाढला की पृथ्वी तापते.

आता प्रश्न उरतो, आजचा जादा कार्बन आला कुठून? चंद्रपूरच्या खाणीतला कोळशाचा तुकडा घ्या. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा तो अवशेष. जिवंत झाडात असणारा किरणोत्सारी कार्बन-१४ त्यात उरलेला नाही, कारण ५० हजार वर्षांतच तो जवळजवळ संपतो. वनस्पतिजन्य असल्याने त्यात कार्बन-१३ चे प्रमाणही कमी. हवेतल्या कार्बनवर आज हीच छाप उमटलेली आहे: कार्बन-१३ चे प्रमाण घटते आहे. जोडीला ऑक्सिजनही किंचित पण मोजता येईल इतका कमी होतो आहे, कारण जाळायला ऑक्सिजन लागतो. ज्वालामुखीतून आलेल्या कार्बनने या खुणा उमटल्या नसत्या.

या जादा कार्बनचे प्रमाण किती, तेही स्पष्ट आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत ८ लाख वर्षांची नोंद आहे. त्या सर्व काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग साधारण १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिले. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते, आज ४२० च्या पुढे आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालाने हिशेब मांडला: १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश, तर सूर्य आणि ज्वालामुखी यांचा वाटा शून्याच्या आसपास.

यावर एक रास्त आक्षेप उरतो: "माणूस म्हणजे नेमका कोण?" सगळे सारखे दोषी नाहीतच. औद्योगिक काळापासूनच्या एकूण उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही वर्षाला २ टनांच्या आसपास, अमेरिकेचे त्याच्या कित्येक पट. पण म्हणूनच "सगळे नैसर्गिक आहे" हा युक्तिवाद आपल्याला सर्वांत महाग पडतो. निसर्गावर खापर फोडले की सर्वांत आधी सुटतो तो सर्वांत जास्त धूर सोडणारा. आणि भर उन्हात शेतात राबणाऱ्या विदर्भातल्या मजुराला भरपाई मागायला कुणी उरत नाही.

सूर्याला जाब विचारता येत नाही, पृथ्वीची कक्षा ठराव करून बदलता येत नाही. वीज कशापासून करायची, जुने औष्णिक संच कधी बंद करायचे, श्रीमंत देशांनी किती पैसा द्यायचा, हे मात्र माणसेच ठरवतात. कारण मानवी आहे हे मान्य करणे म्हणजे ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांच्याकडून उत्तर मागण्याचा हक्क राखणे. तो हक्क "हवामान बदलतच असते" या वाक्यापायी सोडून देऊ नये.